वही कोणाच्या घरी?
कन्सोलच्या सेव्ह फाइली आणि बॅन: वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात कंट्रोलरची स्टिक आपोआप का सरकते त्यावर लिहिलं होतं. शेवटी सहज एक ओळ टाकली, ‘सेव्ह बदललेली असेल तर तशीच घेऊन ऑनलाइन जाऊ नका.’ (सेव्ह म्हणजे खेळात आपण कुठवर आलो, किती कमावलं त्याची मशीनने ठेवलेली फाइल.) स्टिकबद्दल एकानेही काही विचारलं नाही. त्या ओळीवर मात्र सतरा पत्रं आली. म्हणजे गोव्यात सेव्ह बदलणारी पोरं मला वाटत होतं त्याहून पुष्कळ आहेत, आणि निम्मी आत्ता टरकलेली आहेत. निवडक पत्रं घेतोय. नावं छापू नका असं जवळजवळ सगळ्यांनीच लिहिलंय, म्हणून फक्त गावं देतो.

चवथीला पुण्याहून माझ्या बहिणीचा मुलगा आला होता. त्याने आमच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) मधून पेनड्राइव्हवर काहीतरी काढलं, लॅपटॉपवर खटाटोप केला आणि परत आत घातलं. आता फिफा या फुटबॉलच्या खेळात माझ्या मुलाच्या क्लबकडे अमाप पैसे आहेत. मुलगा खूश आहे. पण शेजारचा मुलगा म्हणतो, कंपनी मशीन बंद पाडणार आणि पोलीसही येतील. मशीन माझ्या मुलाच्या काकांनी दुबईहून आणलेलं. काय करू? (एक आई, डिचोली)

ताई, पोलीस येणार नाहीत. आधी ते मनातून काढून टाका.

आमच्या वाड्यावरच्या पोसऱ्याची, म्हणजे किराणा दुकानाची, उधारी दोन वह्यांत असायची. एक दुकानदाराच्या गल्ल्याखाली, दुसरी आमच्या घरी खुंटीला. घरच्या वहीत मी पन्नासाचे पाच केले तर आयीचा धपाटा मिळायचा आणि विषय संपायचा. दुकानदाराच्या वहीला हात लावला असता तर संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर चर्चा झाली असती. खेळांचंही तसंच आहे. काही खेळांचा हिशेब तुमच्या मशीनमध्ये असतो, त्यालाच सेव्ह म्हणतात. काहींचा कंपनीच्या सर्व्हरवर असतो.

फिफाची गंमत अशी की त्यात दोन्ही वह्या आहेत. ‘करिअर मोड’ ही घरची वही. ‘अल्टिमेट टीम’ ही दुकानदाराची, तिथली नाणी तुमच्या मशीनमध्ये नसतातच. पेनड्राइव्हने पैसे वाढले त्याअर्थी तुमच्या भाच्याने करिअरमध्येच हात घातलाय. तिथे तुमचा मुलगा फक्त मशीनशी खेळतो, समोर दुसरं माणूस नसतं, कोणाचं काही लुबाडलेलं नाही. नियमांच्या कागदावर बोट ठेवलं तर फाइल बदलणं हा करारभंगच आहे आणि कंपनी अकाउंट बंद करू शकते. पण बॅनची कुऱ्हाड सहसा पडते ती दुसऱ्यांबरोबर खेळायच्या जागी लबाडी नेली की.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. भाच्याला विचारा, अकाउंटचा पासवर्ड कुठे टाकला होता का? पीएस४ ची सेव्ह कुलूपबंद असते. ती उघडून देणारी विकतची सॉफ्टवेअरं आहेत आणि त्यासाठी फाइल त्यांच्या सर्व्हरवर पाठवावी लागते. पासवर्ड मात्र कशालाच लागत नाही. कोणी मागितला असेल आणि दिला असेल तर आजच बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

पोलिसांची भीती मुलांच्या डोक्यात जपानच्या बातम्यांवरून आली असावी. तिथे २०१८ च्या अखेरीस कायदा बदलला आणि सेव्ह बदलायची साधनं विकणं, पैसे घेऊन दुसऱ्याची सेव्ह बदलून देणं हा गुन्हा ठरला. तिथेही रोख आहे तो धंदा करणाऱ्यांवर.

आणि अमाप पैसेवाला क्लब पोराला आठ दिवसांवर आवडत नाही. शिगम्याच्या आत तो स्वतःच दुसऱ्या डिव्हिजनमधला एखादा फाटका क्लब घेऊन बसेल, बघा तुम्ही.

पीएस३ च्या एका जुन्या खेळात माझ्याकडे ५०,००० नाणी आहेत. सेव्ह पेनड्राइव्हवर घेऊन हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडली तर नुसता कचरा दिसतो. दुसऱ्या खेळात आकडा सापडला, बदलला, तर मशीन म्हणतं ‘डेटा करप्ट’. नक्की अडतं कुठे? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फर्मागुडी)

तुझ्या पत्राच्या समासात पेन्सिलने मांडलेली हेक्सची आकडेमोड बघितली आणि बरं वाटलं. म्हणून जरा लांबण लावतो.

५०,००० म्हणजे हेक्समध्ये, सोळाच्या पायावर आकडे लिहायच्या पद्धतीत, सी३५०. इथवर तुझं बरोबर आहे. पण पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० या मशीनांत मोठी बाजू आधी लिहिली जाते, म्हणजे चार बाइटांत (बाइट म्हणजे दोन हेक्स अंकांचं एक घर) ०० ०० सी३ ५०. पीएस४ आणि निन्टेन्डोच्या स्विचमध्ये उलटं, ५० सी३ ०० ००. तू पीएस३ च्या फाइलमध्ये उलटा क्रम शोधत बसलायस. मीही एकदा एक अख्खी रात्र अशीच घालवली होती. बाहेर पावसाने वीज तीनदा गेली, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

पण फाइलच कुलूपबंद असेल तर क्रम बरोबर असूनही काही सापडत नाही. तुझ्या पहिल्या खेळात तेच झालंय. तो कचरा नाही, कुलूप आहे.

दुसऱ्या खेळाची गोष्ट वेगळी. तिथे फाइल उघडी आहे, पण पानाच्या तळाशी बेरीज आहे. पुन्हा पोसऱ्याच्या वहीवर येतो. तू मधल्या ओळीत तांदळाचे चाळीस खोडून चार केलेस आणि खालची बेरीज तशीच ठेवलीस. दुकानदार ओळी वाचत नाही, तो बेरीज बघतो. त्या बेरजेला चेकसम म्हणतात. बाइट एक हलला तरी बेरीज चुकते आणि मशीन फाइल फेकून देतं. मुळात हे चोर पकडायला केलेलं नव्हतं. सेव्ह होत असताना वीज गेली, मेमरी कार्ड ओढून काढलं, तर अर्धवट फाइल ओळखता यावी म्हणून. पीएस२ च्या काळातल्या त्या ८ एमबीच्या कार्डांवर हे नेहमी घडायचं. लबाडीला आडकाठी हे नंतर आलं.

बेरजेनंतर आला शिक्का. एक्सबॉक्स ३६० ची प्रत्येक सेव्ह सही करून बंद केलेली असते आणि आत प्रोफाइलचा, कन्सोलचा क्रमांक असतो. एप्रिल २०१० च्या अपडेटनंतर त्या मशीनला साधा पेनड्राइव्ह चालायला लागला, आणि सेव्ह बदलणाऱ्यांची जत्राच भरली. माझ्या दुकानात त्या उन्हाळ्यात दुरुस्तीपेक्षा ‘अंकल, जरा पैसे वाढवून द्या’ म्हणणारेच जास्त. पीएस३ ने फोल्डरात एक वेगळी फाइल ठेवली, पॅरम डॉट पीएफडी, तिच्यात सगळ्या फाइलींच्या शिक्क्यांची यादी. तुझ्या पेनड्राइव्हवर आत्ता बघ, दिसेल. पीएस४ ने आख्खी सेव्हच अकाउंटला बांधली. पीएस५ ने तर तिच्या स्वतःच्या खेळांची सेव्ह पेनड्राइव्हवर द्यायचंच बंद केलं, पैसे भरून क्लाउडवर ठेवा म्हणाले. एक्सबॉक्स वनपासून सेव्ह हातात मिळतच नाही, आपोआप क्लाउडवर जाते. प्रत्येक पिढीला खिडकी एकेक गजाने लहान होत गेली.

शिक्का खोटा कसा मारायचा ते मी इथे छापणार नाही. हे पान नववीतली पोरंही वाचतात आणि पुढचं पत्र मलाच त्यांच्या बापाचं येतं. पण जुन्या, एकट्याने खेळायच्या खेळावर, नेट काढून, हा अभ्यास करायला माझी मुळीच हरकत नाही. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला काढून ठेव, आणि हावरटपणा करू नकोस. मी एकदा चारही बाइटांत एफएफ भरले, म्हटलं सगळ्यात मोठा आकडा, चारशे एकोणतीस कोटींच्या वर. खेळ उघडला तर खजिन्यात उणे एक. त्या खेळात तो आकडा ऋण चिन्हासकट मोजायचे, आणि सगळे एफ म्हणजे तिथे वजा एक. दुकानदार म्हातारा मला साधी ढालही उधार देईना.

माझ्या मित्राने मला चमकणारा पोकेमॉन दिला. त्याचे सहाही आकडे ३१ आहेत. तो म्हणतो खराच आहे. तुम्हाला काय वाटतं? मी स्पर्धेत वापरू का? (इयत्ता सहावी, साखळी)

बाळा, हिशेब करू या. प्रत्येक गुणाचा आकडा ० ते ३१ असतो, म्हणजे ३२ शक्यता. सहा गुण. रानात सहज पकडलेल्या पोकेमॉनमध्ये सहाही ३१ यायची शक्यता १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक. त्यातून तो चमकणारा निघायची शक्यता नव्या खेळांत ४,०९६ मध्ये एक. जोड्या लावून अंडी उबवली तर हे आकडे खूप खाली येतात, त्यामुळे मित्र खोटारडाच असं म्हणता येत नाही. त्याला विचार, अंड्यातून आला की रानातून? कुठल्या चेंडूत पकडला? खोटे पोकेमॉन तिथेच अडकतात. जो प्राणी त्या चेंडूत मिळूच शकत नाही तो त्या चेंडूत बसलेला असतो.

स्पर्धेत वापरू नकोस. २०२३ च्या ऑगस्टमध्ये योकोहामात जागतिक स्पर्धा झाली, तिथे चांगल्या चांगल्या खेळाडूंना तपासणीत काढून टाकलं. काही म्हणाले, आम्ही दुसऱ्याकडून घेतला होता. उपयोग झाला नाही.

कोणी अनोळखी माणसाने खेळात आपल्यासमोर वस्तू टाकली आणि आपण उचलली, तर आपण बॅन होतो का? (काणकोण)

दुर्दैवाने हो, झालेले आहेत. २०२२ मध्ये एल्डन रिंगमध्ये हे गाजलं. खेळ बाजारात येण्याआधीच काढून टाकलेली एक वस्तू फाइलींत लपून राहिली होती. वस्तू म्हणजे काय, तर एका पात्राची चड्डी. लबाड खेळाडू ती बाहेर काढून दुसऱ्यांच्या पुढ्यात टाकायचे. ज्यांनी उचलली त्यांच्यातल्या काहींना १८० दिवसांची बंदी. चड्डीपायी सहा महिने! तरी त्या खेळात बंदी म्हणजे दार पूर्ण बंद नसतं, ऑनलाइन खेळणं तेवढं बंद. एकट्याने खेळता येतं.

त्याच खेळाचं आणखी एक सांगतो, म्हणजे सर्व्हरला कळतं कसं ते लक्षात येईल. पात्राचे आठ गुण असतात. आठांची बेरीज करायची आणि ७९ वजा करायचे, येईल ती पातळी. सगळे गुण १० असलेला भणंग पहिल्या पातळीवर असतो, ८० वजा ७९. सगळे ९९ केले तर पातळी ७१३ च आली पाहिजे. पोरं सेव्हमध्ये आठही गुण ९९ करतात आणि पातळी १२० ठेवतात, समोरचा आपल्याला बरोबरीचा समजावा म्हणून. ही बेरीज माझी आई बोटांवर करील.

तेव्हा अनोळखी माणसाने टाकलेलं काही उचलू नका. आणि उचललंच असेल तर ऑनलाइन जायच्या आधी तिथल्या तिथे फेकून द्या.

जीटीए ऑनलाइनमध्ये दोन हजार रुपयांत कोट्यवधी डॉलर टाकून देतो असं एकजण म्हणतो. फक्त लॉगिन द्यायचं. सुरक्षित आहे का? (पेडणे)

नाही. ती दुकानदाराची वही आहे, आणि घराची किल्लीही तुम्हीच देताय.

मी तारवटी. सहा सहा महिने बोटीवर, तिथे नेट नाही म्हटलं तरी चालेल. केबिनमध्ये पीएस४ आहे. वेळ थोडा म्हणून काही खेळांत सेव्ह बदलून पुढे गेलो. पुढच्या महिन्यात घरी वास्कोला येतोय. मशीन नेटला जोडलं की कळेल का? मुलगा त्याच मशीनवर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो, म्हणून विचारतो.

बाब, तुमच्या पत्रावरचा शिक्का सिंगापूरचा बघून मी ते आधी उघडलं.

नेट नसलं तरी मशीन नोंद ठेवतच असतं. खेळातले टप्पे गाठल्याच्या ट्रॉफी ऑफलाइन मिळाल्या तरी त्यांची तारीख-वेळ लिहिली जाते आणि नेट मिळालं की सगळ्या वर जातात. चाळीस तासांच्या खेळातल्या पहिल्या आणि शेवटच्या ट्रॉफीत तीन मिनिटांचं अंतर असेल तर ते कोणीही वाचू शकतं. एक्सबॉक्सवाल्यांनी २००८ मध्ये खेळांतून मिळणारे गुण असे फुगवणारे शोधून त्यांचे गुण शून्यावर आणले आणि प्रोफाइलवर ‘लबाड’ अशी पाटी लावली, सगळ्या जगाला दिसेल अशी. बॅनपेक्षा ते जास्त झोंबलं असणार.

दुसरं म्हणजे शिक्षा लगेच येत नाही. जोडलं, दोन दिवस काही झालं नाही, म्हणजे सुटलो असं धरू नका. कंपन्या नावं साठवतात आणि एकदम लाट सोडतात, नेमकी कुठली गोष्ट पकडली गेली ते लबाडांना कळू नये म्हणून. २०१७ च्या जानेवारीत पोकेमॉनवाल्यांनी बदललेल्या सेव्ह वापरणाऱ्या जवळपास ६,००० जणांना एका दमात ऑनलाइन लढतींतून बाहेर काढलं. २००९ च्या नोव्हेंबरात ३६० ची मशीनंच्या मशीनं बाद झाली, मोठा खेळ बाजारात यायच्या ऐन मुहूर्तावर. ती सेव्हमुळे नव्हे, फेरफार केलेल्या मशीनांमुळे. पण वेळ साधण्याची रीत तीच.

तुम्ही एकट्याने खेळायच्या खेळांतच केलं असेल तर धोका थोडा आहे. तरी मुलाचं ऑनलाइन खेळणं त्यावर टांगून ठेवू नका. मशीन घरी जोडायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन सेव्ह आपोआप क्लाउडवर चढवणं बंद करा. बदललेल्या सेव्ह पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि मशीनवरून पुसा. ऑनलाइन खेळता येणाऱ्या खेळाची एकही बदललेली सेव्ह आत राहू देऊ नका, विसरून तीच उघडली जाते. आणि मुलाचं अकाउंट वेगळं ठेवा. बापलेकांनी एकच अकाउंट वापरायची आपल्याकडे सवय आहे. बॅन अकाउंटला लागतो तेव्हा त्याला कळत नाही की बटणं कोणाच्या हातात होती. पुढच्या सफरीला बोटीवरच्या खेळासाठी नेटवर्कच्या अकाउंटशिवायचा साधा युजर करा. पीएस४ वर तो करता येतो.

ओएलएक्सवरून वापरलेला स्विच घ्यायचा विचार आहे, १३ हजार म्हणतात. बॅन झालेला असेल तर बघून कळतं का? (मडगाव)

कळतं, पण फोटोवरून नाही. हातात घेऊन.

निन्टेन्डो ही कंपनी आपल्या देशात स्विच अधिकृतपणे विकतच नाही. त्यामुळे गोव्यातला प्रत्येक स्विच आखातातून, बोटीवरून किंवा सिंगापूरहून कोणाच्या तरी बॅगेतून आलेला, आणि बहुतेकदा एका मावसभावाकडून दुसऱ्याकडे गेलेला. मधे कोणी काय केलं ते शेवटच्या मालकालाही ठाऊक नसतं. स्विचवर सेव्ह बदलायची तर आधी मशीनमध्येच बाहेरची प्रणाली घुसवावी लागते, आणि पकडली गेली की बंदी अकाउंटबरोबर मशीनलाही लागते. नवं अकाउंट काढा, फॅक्टरी रीसेट करा, काही फरक पडत नाही. कार्ट्रिज चालते, खेळ खेळता येतो. ऑनलाइन आणि ईशॉप, म्हणजे कंपनीचं नेटवरचं दुकान, गेलं ते गेलं.

पैसे देण्याआधी आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावा आणि ईशॉप उघडायला सांगा. २१२४-४००७ हा क्रमांक पडद्यावर आला की चहा पिऊन परत या. ‘वायफाय वीक आहे’ म्हणतील. क्रमांक तोच असेल तर ते वायफाय नाही.

मग उजवा जॉयकॉन, म्हणजे बाजूला लावलेला कंट्रोलर, सरकवून काढा आणि मोबाइलची बॅटरी त्या खाचेत मारा. तळाशी दहा बारीक दात दिसतील, एका रांगेत. २०१८ च्या मध्यापर्यंत बनलेल्या मशीनांच्या चिपमध्ये एक भोक राहून गेलं होतं, अपडेटने न बुजणारं. त्यातून आत शिरायला त्यांतला दहावा दात दुसऱ्या एका दाताला जोडावा लागतो. हौशी लोक कागदाची टाचणी वाकवून हे करत. दहावा दात वाकलेला किंवा ओरखडलेला दिसला तर मालकाकडे नुसतं बघा, त्याचा चेहरा सांगेल.

हे मी चटका बसून शिकलो. काही वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या एका विक्रेत्याकडून अशी तीन मशीनं एकदम घेतली, कुरियरने. दोन चांगली निघाली. तिसरं एका गिऱ्हाइकाला विकलं, आणि चौथ्या दिवशी शुक्रवारच्या ऐन बाजारात, चवळीच्या आणि सुंगटांच्या टोपल्यांतून वाट काढत, ते गृहस्थ आणि त्यांची मुलगी दुकानात. ती पोर रडत नव्हती, नुसती उभी होती. पैसे परत दिले. विक्रेत्याने फोन उचलणं सोडलं होतं. मशीन उघडून बघितलं तर दहावा दात इंजेक्शनच्या सुईसारखा तिरपा.

ते मी विकलं नाही, मोडीतही घातलं नाही. काउंटरवर साखळीने बांधून ठेवलंय, मोटारींच्या शर्यतीची एक कार्ट्रिज कायम आत. दुरुस्तीची वाट बघणारी पोरं त्यावर खेळतात. म्हापशाला आलात तर तुम्हीही दोन फेऱ्या मारा, आणि तो दात बघून घ्या, म्हणजे मडगावात कशाला बघायचं ते कळेल.